झोपण्याचं काम

माफी मागून सुरुवात करतो. कुणाचं व्यक्तिचित्र लिहावं इतका मी कुणी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील एस.टी.च्या डेपोत टायर बदलायचे, आई ब्लाउज शिवते. आमच्याकडे लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं. गल्लीतले लोकही माझ्याकडून अर्जच लिहून घ्यायचे. अर्जाचं एक बरं असतं, विषय वर लिहिलेला असतो आणि शेवटी काय मागायचं ते ठरलेलं असतं. इथं मला काय मागायचं आहे तेच नीट सांगता येत नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या बाईंचं नावही मी लिहिणार नाही, कारण पाहुण्यांनी नावानं हाक मारलेली त्यांना आवडत नसे. 'फ्राऊ विर्टिन' म्हणायचं. फ्राऊ म्हणजे श्रीमती, विर्टिन म्हणजे उतरायला जागा देणारी, यजमानीण. मी मनातल्या मनात त्यांना विर्टिनबाई म्हणायचो. तेच इथं लिहितो. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

रेगेन्सबुर्ग हे डॅन्यूबकाठचं फार जुनं शहर आहे. तिथला दगडी पूल बघायला लोक येतात, फोटो काढतात, एक रात्र राहतात आणि पुढच्या गावाला जातात. विर्टिनबाईंचं हॉटेल त्या पुलापासून दोन गल्ल्या आत होतं. नऊ खोल्या, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की बॅग आधी वर जायची आणि मागून माणूस. मी मास्टर्स करायला आलो तेव्हा होस्टेलची खोली मिळायला अजून तीन आठवडे होते. फोनवर सगळ्यात स्वस्त दिसलं ते हे हॉटेल.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. इकडे हॉटेलात उतरताना असा कागद भरायचा असतो. नाव, जन्मतारीख, देश, पत्ता, येण्याचा दिवस, जाण्याचा दिवस, सही. आता इथल्या लोकांना तो भरावा लागत नाही, फक्त परदेशी माणसाला लागतो. पण विर्टिनबाई सगळ्यांना भरायला लावायच्या. कुणी 'आता नियम बदललाय' म्हणालं तर म्हणायच्या, "इथं कुणीही आलं तरी परदेशीच असतं."

मी जाण्याच्या दिवसाची जागा कोरी ठेवली. त्यांनी चष्मा वर केला.

"इथं काय?"

"माहीत नाही. होस्टेलचं पत्र आलं की जाईन."

"आल्झो, ऐका, हेर स्टुडेंट." आल्झो म्हणजे 'तर मग'. त्यांचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू व्हायचं. "जाण्याची तारीख लिहितो तो पाहुणा. जो लिहीत नाही तो नातेवाईक. नातेवाइकांसाठी माझ्याकडे खोली नाही."

मी घाबरून तीन दिवसांनंतरची तारीख घातली. तीन दिवसांनी नवा कागद, परत तीन दिवस. असे तीन आठवडे गेले. दर वेळी त्या कागद उजेडात धरून वाचायच्या, जणू मी काल रात्रीत दुसराच कुणी झालो असेन.

त्या मला 'हेर स्टुडेंट', म्हणजे 'श्रीयुत विद्यार्थी', म्हणत आणि अहो-जाहो करत. हे मला लिहायलाच हवं. माझ्या आयुष्यात वयानं मोठ्या माणसानं मला अहो-जाहो केलेलं ते पहिलंच. आमच्याकडे 'ए पोरा', 'अरे टायरवाल्याचा' इथपासून सुरुवात व्हायची. त्यांनी पहिल्यांदा "आपलं अंडं किती मिनिटं?" असं विचारलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं, माझ्यामागे कुणी उभं आहे का म्हणून.

अंड्यावर त्या पेन्सिलनं खोलीचा नंबर लिहायच्या. माझ्या अंड्यावर नऊ. नऊ नंबरची खोली म्हणजे पूर्वीची चादरींची खोली, छताला उतार. बिछान्यावर उठून बसलं की डोकं लागायचं. तिसऱ्या दिवसापासून मी उठताना आपोआप वाकायला लागलो, आणि अजूनही कधीकधी वाकतो.

त्यांच्या सवयी किती सांगू. सकाळी दहा वाजता त्या सगळ्या खोल्यांच्या खिडक्या सताड उघडायच्या. बाहेर बर्फ असो, आत माणूस असो. एकदा एक पाहुणा पांघरुणात होता. तो ओरडला तर म्हणाल्या, "आपण थांबा हवं तर. पण हवेनं चेक-आउट करायचं असतं." इंटरनेटवर लोक हॉटेलबद्दल जे बरंवाईट लिहितात ते त्यांची भाची छापून टपालानं पाठवायची. भाची दूर दुसऱ्या गावात राहायची. विर्टिनबाई ते कागद नाश्त्याच्या वेळी मोठ्यानं वाचायच्या आणि हजर असलेल्या पाहुण्यांना उत्तर द्यायच्या. "'गादी कडक आहे.' बरोबर. 'टीव्ही नाही.' बरोबर. 'नदीचा वास येतो.' मग काय, नदीकाठी येऊन डोंगराचा येणार?" एकानं लिहिलं होतं, 'मालकीण विचित्र आहे.' तो कागद त्यांनी चौकटीत घालून किल्ल्यांच्या फळीशेजारी लावला होता.

किल्ल्यांची फळी म्हणजे नऊ आकडे, प्रत्येकाखाली नंबर. किल्लीला लाकडाचा मोठा गोळा, खिशात मावू नये एवढा. किल्ली चुकीच्या आकड्याला लावलेली त्यांना सहन होत नसे. पाय भिजलेले चालत नसत. पाहुणा बर्फातून आला की त्या स्वतः त्याचे बूट घेऊन त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायच्या आणि हीटरजवळ ठेवायच्या. माझ्या कापडी बुटांत पहिल्यांदा बोळे घातले तेव्हा त्यांनी बूट हातात उलटेसुलटे केले, आणि "हे बूट नव्हेत, हे मोजे आहेत" एवढंच म्हणाल्या.

मग होस्टेलची खोली मिळाली. नदीच्या पलीकडे. खोली चांगली होती, स्वच्छ होती. मजल्यावर बारा जण आणि एक स्वयंपाकघर. प्रत्येकाच्या दुधाच्या डब्यावर त्याचं नाव लिहिलेलं, त्यामुळे मला सगळ्यांची नावं पाठ होती. पण ती दुधाची नावं होती, त्यांतली दोन-तीन सोडली तर माणसं मी पाहिलीच नव्हती. रविवारी दुकानं बंद असतात. एका रविवारी संध्याकाळी आईचा फोन आला आणि मी "हॅलो" म्हणालो तर आवाज फुटेना. घसा बसला नव्हता. सकाळपासून तो वापरलाच नव्हता. आई म्हणाली, "झोपला होतास का?" मी हो म्हणालो.

नोव्हेंबरात एका दुपारी चारला फोन वाजला. नंबर अनोळखी.

"हेर स्टुडेंट, आज आपण मोकळे आहात?"

मी हो म्हणालो. मी रोजच मोकळा होतो.

"घर रिकामं आहे. दात घासायचा ब्रश घेऊन या."

त्यांचा नियम मला तेव्हा कळला. हॉटेल एकाही रात्री रिकामं राहता कामा नये. त्या स्वतः मागच्या बाजूच्या खोलीत राहायच्या, पण त्यांचं राहणं मोजायचं नाही. कुणीतरी परकं माणूस, कागद भरून, सही करून, वर झोपलेलं हवं. पर्यटकांच्या दिवसांत प्रश्नच नसे. हिवाळ्यात मात्र चार वाजले की त्या दारात उभ्या राहायच्या. गावातल्या लोकांना हे माहीत होतं. धुरांडी साफ करणारा माणूस सांगायचा की एका जानेवारीत तो काम करून निघाला तर विर्टिनबाईंनी त्याला अडवलं. तो तीन गल्ल्या सोडून राहणारा. म्हणाला, "बायको वाट बघत असेल." त्या म्हणाल्या, "डबल खोलीही आहे." शेवटी बायको आली, दोघांनी कागद भरला, पत्ता तिथलाच, तीन गल्ल्या पलीकडचा, आणि सकाळी दोघांनी दोन नंबरची अंडी खाल्ली. बायको म्हणे आता दर वर्षी विचारते, या वेळी बोलावलं नाही का.

असं का, याची कारणं त्या माणसागणिक वेगळी द्यायच्या. धुरांडीवाल्याला सांगितलं, विम्यासाठी. मला एकदा म्हणाल्या, पाइप गोठतात. एकदा म्हणाल्या, सासूनं किल्ल्या देताना अट घातली होती. ती सासू म्हणे युद्धातही एकेक रात्र सांभाळत होती. एकदा मात्र बटाटे सोलताना, मी न विचारताच म्हणाल्या, "ज्या रात्री इथं परकं कुणी नसतं त्या रात्री हे हॉटेल नसतं. ते नऊ पलंग जास्त झालेलं एका म्हातारीचं घर असतं." आणि मग लगेच, "साली जाड काढताय आपण. बटाट्यानं काय केलंय आपलं?"

मी पहिल्या रात्री पैसे विचारले. त्यांनी हात झटकला. "कागदावर आपण पाहुणे. माझ्याकडे मात्र कामाला. काम झोपण्याचं आहे. नीट करा."

मी ते काम मनापासून केलं. फोन आला की ब्रश आणि एखादं पुस्तक पिशवीत टाकायचं आणि पूल ओलांडायचा. धुकं असलं की खाली नदी दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. सकाळी खाली आलो की त्या विचारायच्या, "घर झोपलं?" मी म्हणायचो, "या." या म्हणजे हो. त्या म्हणायच्या, "गुट," म्हणजे छान, आणि नऊ नंबरचं अंडं पुढे यायचं. त्या हिवाळ्यात कुणी माझी वाट पाहत असेल अशी ती एकच जागा होती. मीच त्या घरावर उपकार करतोय, असा त्यांचा आव होता. मी तो मोडला नाही.

आईला सांगितलं तेव्हा तिला आधी काळजी वाटली. "झोपायचं काम? पोरा, तू शिकायला गेलायस ना?" मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्या बाईचा अखंड दिवा आहे म्हण की." मला जे तीन वेगवेगळ्या कारणांनी कळलं नव्हतं ते आईला एका वाक्यात कळलं. आमच्याकडे नवरात्रात नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नसतो. आई रात्री दोनदा उठून तेल घालते. मी चौथीत असताना एकदा पहाटे तो विझलेला मी पाहिला. आईनंही पाहिला. तिनं माझ्याकडे बघितलं, काडी ओढली, वात पुढे सारून परत लावला आणि कुणाला काही बोलली नाही. मीही नाही. वडिलांना ते अजून माहीत नाही.

फेब्रुवारीत विर्टिनबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांच्या घरी बघायला कुणी नाही म्हणून दवाखान्यात एक रात्र ठेवून घेणार होते. त्या दिवशी एकही पाहुणा नव्हता. दोन दिवस आधी त्यांनी मला बोलावलं आणि बाहेरच्या दाराची किल्ली दिली. ती किल्ली मी तोवर त्यांच्या हाताबाहेर पाहिली नव्हती.

"मंगळवारी रात्र आपली. मी तपासायला फोन करणार नाही. फोन करून झोप मोडायची नसते."

"काळजी करू नका, फ्राऊ विर्टिन."

"मी काळजी करत नाही. मी किल्ली देते."

दुसऱ्या दिवशी मला ईमेल आला. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधल्या एका कंपनीनं मंगळवारी दुपारी मुलाखतीला बोलावलं होतं. शिकता शिकता करायची अर्धवेळ नोकरी. मला ती हवीच होती. दुपारी मुलाखत, संध्याकाळच्या गाडीनं परत, सात-साडेसातला रेगेन्सबुर्ग. काहीच अडचण नव्हती.

माझ्याच कॉलेजचे, पाच-सहा वर्षं पुढचे एक दादा तिथं राहतात. त्यांनीच कंपनीत माझं नाव दिलं होतं. मुलाखत बरी झाली. मग आभार मानायला त्यांच्या घरी गेलो, चहापुरता. दार उघडलं आणि फोडणीचा वास आला. मी चार महिने तो वास घेतला नव्हता. होस्टेलात फोडणी केली की धुराची घंटा वाजते.

"बस रे," वहिनी आतून म्हणाल्या. "वरणभात होतोच आहे."

"वहिनी, मला सहाची गाडी आहे."

"सहाला काय जेवतं का कुणी? पुढची नाही का?"

पुढची सातला होती. त्यापुढचीही होती. मी फोनवर पाहिलं, सगळ्या गाड्या वेळेवर होत्या. जर्मनीत असं क्वचित होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं की गाडीचा घोळ झाला होता. झाला नव्हता.

वरणभात, वर तूप, लिंबाचं लोणचं, बटाट्याची काचऱ्यांची भाजी. दादांची सहा वर्षांची मुलगी समोर बसून मला न्याहाळत होती. दादा डेपोची, कॉलेजच्या मेसची, जुन्या सरांची विचारपूस करत होते. मी बोलत होतो. मला आठवतं, मी खूप बोलत होतो. माझा आवाज मलाच मोठा वाटत होता. साडेसात झाले तसा मी उठलो.

"कुठं निघालास? सोफा आहे की."

"नाही दादा, आज मला हॉटेलात झोपायचंय."

"घर असताना हॉटेल?" वहिनींनी हातातली पोळी तशीच धरली. "आमचं काही चुकलं का?"

मग मी सगळं सांगितलं. नियम, कागद, किल्ली. दादा हसायला लागले.

"म्हणजे हॉटेल रिकामं राहू नये म्हणून तू दीड तास प्रवास करून तिथं झोपायचं? आणि राहिलं रिकामं तर काय, हॉटेल रडणार आहे का?"

"अहो, थट्टा कसली करताय त्याची," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पण खरंच सांगते, आजी तर दवाखान्यात. त्यांना कुठून कळणार? सकाळी लवकरच्या गाडीनं जा. बाहेर बर्फ बघ कसा पडतोय."

मराठीत सांगितल्यावर ते कारण मलाच पोरकट वाटायला लागलं. जर्मनमध्ये ते खरं होतं. इथं, तुपाच्या वासात, आपल्या माणसांत, ते एका विक्षिप्त म्हातारीचं खूळ झालं.

मुलगी रंगपेटीतून मान वर करून जर्मनमध्ये म्हणाली, "पण त्यानं तर कबूल केलंय ना."

"मराठीत बोल गं," वहिनी म्हणाल्या.

ती मराठीत बोलली नाही. परत रंगवायला लागली. वहिनींनी माझ्या पानात अजून भात वाढला आणि मी बसलो.

सोफ्यावर मला फार चांगली झोप लागली. हे लिहायची लाज वाटते, पण लागली.

सकाळी लवकरच्या गाडीनं निघालो. गल्लीत पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. पाववाला रोज साडेसहाला ताज्या पावांची पिशवी दाराच्या मुठीला अडकवून जातो. ती तशीच लोंबत होती. पाव थंड झाले होते. दारापुढच्या बर्फात पावलं होती, ती त्याचीच असतील असं मी धरलं. आत गेलो. सगळं जागच्या जागी, फक्त एक नंबरची किल्ली दोन नंबरच्या आकड्याला होती. माझ्याकडूनच कधीतरी झालं असणार म्हणून मी ती नीट लावली. मग नऊ नंबरमध्ये जाऊन बिछान्यावर पडलो, कूस बदलली, उशी दाबली, उठलो. सुरकुत्या नीट पडल्यात का ते पाहिलं. खाली येऊन कागद भरला. येण्याचा दिवस मंगळवार, जाण्याचा दिवस बुधवार, सही.

सही करताना मला आईची काडीपेटी आठवली. आईनंही परत लावलाच होता की, असं मी मनाला म्हणालो. पण आईनं दिवा खरंच लावला होता. मी नुसतं लिहीत होतो की तो विझला नाही.

अकराला दवाखान्यात गेलो. विर्टिनबाई कोट घालून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी. त्यांचे बूट हीटरखाली होते, आत वर्तमानपत्राचे बोळे. मला बरं वाटलं, इथंही यांनी आपली शिस्त चालवली म्हणून. नर्स चिडलेली दिसत होती. मला म्हणाली, "तुमच्या आजीला सांगा, आमच्याकडे पेशंट म्हणजे पेशंट असतो." काहीतरी भांडण झालं असेल असं समजून मी हसलो.

"हेर स्टुडेंट," त्या म्हणाल्या. "घर झोपलं?"

"या."

त्या उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिल्या. फार वेळ नाही. अंडं उकळत्या पाण्यात सोडताना घड्याळाकडे बघायच्या तेवढाच.

"गुट," म्हणाल्या. "मग चला. बूट द्या माझे."

टॅक्सीत त्यांनी विचारलं, पाव किती वाजता आले. मी म्हणालो, साडेसहाला. त्या म्हणाल्या, "बर्फ होता. तरी वेळेवर आला." आणि बाहेर बघत बसल्या. खिडकीच्या बाजूच्या डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळे त्यांना खिडकीतून काहीच दिसत नसणार. हे मला त्या वेळीही कळलं होतं.

त्यानंतर मार्चपर्यंत त्यांनी मला पाच-सहा वेळा बोलावलं. मी प्रत्येक वेळी गेलो. एकदा तर परीक्षेच्या आदल्या दिवशीही. दर वेळी सकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि उत्तर खरं असायचं. पण मला ते सांगायचं होतं. मी वहीत जर्मनमध्ये वाक्य लिहून ठेवलं होतं, व्याकरण तपासून. 'फ्राऊ विर्टिन, त्या मंगळवारी मी इथं नव्हतो.' नाश्त्याला खाली येताना मी ते मनात म्हणत यायचो. मग अंडं पुढे यायचं, त्यावर पेन्सिलनं नऊ लिहिलेलं, आणि वाक्य तसंच राहायचं. आता वाटतं, त्या मला सांगायला जागा देत होत्या. तेव्हा वाटायचं, कशाला त्यांना दुखवायचं. एकदा सांगितलं की त्यांचा दिवा विझलेलाच राहणार. इतक्या वर्षांचा, सासूपासूनचा. मी कोण तो विझवणारा. खरं हे होतं की मग मला चारला फोन आला नसता.

ईस्टरला पर्यटक सुरू झाले. पुढच्या हिवाळ्याच्या आत मी प्रबंधासाठी नेकारसुल्मला गेलो, तिकडच्या गाड्यांच्या कारखान्यात. नोकरीही तिकडेच लागली. नव्या वर्षाला मी विर्टिनबाईंना एक कार्ड पाठवलं. त्यांचं उत्तर आलं. पाकिटात पत्र नव्हतं. नोंदीचा एक कोरा कागद होता, एवढंच. मी तो टेबलाच्या खणात ठेवला. जायचं आणि सांगायचं, असं ठरवलं. नेकारसुल्महून रेगेन्सबुर्ग काही लांब नाही. पण दोन वर्षं गेली. आधी प्रोबेशन होतं, मग घर बदललं, मग आईचा गुडघा. कारणं त्यांच्याइतकीच माझ्याकडेही होती.

या शरद ऋतूत एक जाड पाकीट आलं. पाठवणारीचं नाव ओळखीचं नव्हतं. भाची, ती हॉटेलचे अभिप्राय छापून पाठवणारी. तिनं साध्या, सोप्या जर्मनमध्ये लिहिलं होतं, बहुतेक माझ्यासाठी मुद्दाम.

मावशी ऑगस्टमध्ये गेली. झोपेत, हॉटेलातच, मागच्या खोलीत. त्या रात्री वर चार नंबरमध्ये सायकलवरून फिरणारं एक जोडपं होतं, त्यामुळे घर रिकामं नव्हतं. आता तिथं सुट्टीची भाड्याची घरं होणार आहेत, दारावर आकड्यांचं कुलूप. तळघरात बुटांच्या खोक्यांत पाहुण्यांचे कागद सापडले. कायद्यानं ते मावशीनं कधीच फाडून टाकायला हवे होते. मी ते नष्ट करते आहे. तुमचे तेवढे तुम्हाला पाठवते, कारण ते वेगळ्या खोक्यात होते.

आणि एक गोष्ट, भाचीनं लिहिलं होतं, जी सांगायला मावशीनं मला मना केलं होतं. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या रात्री दवाखान्यातून मला फोन आला की पेशंट पलंगावर नाही. तिनं संध्याकाळी हॉटेलात फोन लावला होता. 'फोन करणार नव्हते, पण केला,' असं मला नंतर म्हणाली. कुणी उचलला नाही. मग कोट घालून ती बर्फातून चालत घरी गेली, दुसरी किल्ली तिच्या कोटात असायचीच. पहाटे पाचला परत येऊन पलंगावर झोपली. नर्सनं तिला खूप सुनावलं. मीही सुनावलं. मी तुम्हाला फोन करून विचारणार होते. ती म्हणाली, मुलाला काही विचारायचं नाही. यायला जमलं असतं तर तो आला असता.

मी कागद काढले. एकेक पाहिला. पहिल्या तीन आठवड्यांचे, मग नोव्हेंबरापासूनचे. मधे दोन कागद टाचणीनं एकत्र लावलेले होते.

वरचा त्यांच्या हातचा होता. एका डोळ्यानं लिहिलेली अक्षरं ओळ सोडून खाली उतरली होती. नावाच्या जागी त्यांचं पूर्ण नाव, जे मी तोवर कधीच वाचलं नव्हतं. पत्त्याच्या जागी दवाखान्याचा पत्ता. खोली नंबर एक. येण्याचा दिवस मंगळवार, जाण्याचा दिवस बुधवार. सही. परक्या माणसाचा कागद कसा असावा तसा, काहीही न सोडलेला.

खालचा माझा होता. त्यावरच्या दोन्ही तारखा त्यांनी पट्टी लावून, पेन्सिलनं, सरळ रेषेत खोडल्या होत्या. नाव, जन्मतारीख, देश, सही, सगळं तसंच होतं. येण्याचा दिवस नव्हता, आणि जाण्याचाही नव्हता.